तिसरा प्रयत्न नेमका कोणाला हवाय?

ऐरोलीहून एका वडिलांनी लिहिलंय : मुलगी दोनदा नीटला बसली, मेडिकलची सीट हुकली. आता ती रात्र रात्र फ्लूच्या विषाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांचा संपूर्ण जनुकीय मजकूर, शोधते आणि त्यांचे वंशवृक्ष काढते. ‘हे खूळ काढा आणि तिला तिसऱ्या प्रयत्नाला तयार करा.’

दादा, तुमच्या पत्रात मार्क आहेत, क्लासची फी आहे, पुतण्याला मिळालेली एमबीबीएसची सीट आहे. मुलीचं म्हणणं एका ओळीतही नाही. ‘हल्ली ती आमच्याबरोबर जेवायला बसत नाही’ हे मात्र शेवटी जाता जाता लिहिलंत. मला काळजी त्याच ओळीची वाटते. दोन वर्षं टेस्ट आणि रँक यांपलीकडे घरात तिच्याशी दुसरं काही बोलणं झालंय का? ती स्वतःहून मागत नसेल, तर तिसऱ्या प्रयत्नासाठी आणखी एक वर्ष ड्रॉप देऊ नका. मी तिला त्यासाठी तयार करणार नाही. आणि पुतण्याचा विषय तिच्यासमोर काढणं आजपासून बंद करा.

‘झाड तर कॉम्प्युटरच काढतो, त्यात हिची काय विद्या?’ असं तुम्ही विचारलंय. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. फ्लू ‘ए’चा जीनोम सुमारे १३,५०० अक्षरांचा, तोही ८ सुट्या खंडांत. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले की खंडांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून प्रत्येक खंडाची वंशावळ वेगळी तपासावी लागते. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीतल्या एच१एन१ या विषाणूचे ६ खंड उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या विषाणूंकडून आले होते, तर २ युरोप-आशियातल्या डुकरांमधल्या विषाणूंकडून. एकाच खंडाचं झाड पाहून हे कळलं नसतं. त्यातून डुकरांचे नमुने फार कमी तपासलेले, त्यामुळे मधले पूर्वज सापडत नव्हते. सॉफ्टवेअर अपुऱ्या माहितीवरही नीटनेटकं झाड काढून देतं. त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारी आणि सप्टेंबरात फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यावेत ते सुचवते, तेव्हा असा अभ्यासही विचारात घेतला जातो.

वाट साधी आहे : मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी, पुढे बायोइन्फर्मेटिक्स (कॉम्प्युटरवर जैविक माहितीचा अभ्यास) किंवा व्हायरॉलॉजीत (विषाणूंचा अभ्यास) एमएस्सी. पुण्यात विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र आहे, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. पैसा मात्र उशिरा येतो आणि संशोधनात राहायचं तर पीएचडी टळत नाही. घरखर्चाचं गणित त्याप्रमाणे आत्ताच मांडा.

आता हे तिला वाचायला द्या. बाळ, बारावीला गणित नसेल तरी संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासून शिक, त्यातून सुटका नाही. एनसीबीआय या अमेरिकेतल्या जनुकीय माहितीच्या साठ्यावरून एकाच नमुन्यांचे एचए आणि एनए (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांचे) हे दोन्ही खंड उतरव आणि दोन झाडं काढ. एखादा नमुना दोन्हींकडे वेगवेगळ्या फांदीवर दिसला, तर लगेच अदलाबदल झाली म्हणू नकोस. आधी नोंदीत चूक आहे का आणि त्या फांदीला आकडेवारीचा आधार किती, ते तपास. जे सापडेल ते दोन पानांत मराठीत लिहून मला पाठव.