अमेरिकेत अनेक राज्यांत एकाच वेळी वणवे पेटले, तर अग्निशमन दले कुठे पाठवायची हे कोण ठरवते? भारतात अशी व्यवस्था आहे का?

आपत्ती व्यवस्थापन हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. हा निर्णय वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर आयडाहो राज्यातील बॉइसी या शहरात घेतला जातो. तेथे १९६५ पासून वणव्यांसाठीचे राष्ट्रीय समन्वय केंद्र असून वनसेवा, राष्ट्रीय उद्याने, सरकारी जमिनी सांभाळणारे खाते, आदिवासी जमिनींचे खाते आणि राज्यांचे प्रतिनिधी अशा अनेक यंत्रणा त्यात एकत्र काम करतात.

वणवा लागला की पहिली जबाबदारी स्थानिक केंद्राची असते. तेथील बळ अपुरे पडले, तर मागणी देशातील दहा प्रादेशिक केंद्रांपैकी संबंधित केंद्राकडे जाते आणि तेथेही ती भागली नाही, तरच बॉइसीकडे येते. ही साखळी चालते, याचे मुख्य कारण माझ्या मते अगदी रुक्ष आहे: प्रत्येक साधनाची प्रतवारी आधीच ठरलेली आहे. हाताने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पालापाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) काढणारी तुकडी साधारण वीस जणांची असते, बंबांचे आणि हेलिकॉप्टरांचे प्रकार ठरलेले असतात आणि तुकडी एका नेमणुकीवर साधारणतः चौदा दिवस राहते. त्यामुळे जॉर्जियाची तुकडी मोंटानात उतरली, तरी तेथील अधिकाऱ्याला तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठाऊक असते. ही शिस्त अनुभवातून आली. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले. त्या वेळी मदतीला धावलेल्या वेगवेगळ्या दलांची परिभाषा, संदेशवहन आणि हुकुमाची पद्धत एकमेकांशी जुळत नव्हती. त्यातूनच पुढे ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’, म्हणजे सर्व दलांसाठी समान परिभाषा आणि हुकुमाची एकच पद्धत, आकाराला आली.

देशाची एकूण स्थिती एक ते पाच अशा सज्जता पातळ्यांनी मोजली जाते. पाचव्या पातळीला वणव्यांशी लढणारे सुमारे ८० टक्के मनुष्यबळ आधीच कामाला जुंपलेले असते. २०२१ मध्ये ही पातळी १४ जुलैलाच जाहीर करावी लागली. आदल्याच दिवशी उत्तर कॅलिफोर्नियात ‘डिक्सी’ वणवा पेटला होता, जो पुढे साडेनऊ लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरला आणि ज्यासाठी ऑगस्टअखेर सुमारे २०० सैनिकही पाठवावे लागले. अशा काळात बॉइसीतील बहुसंस्था गट प्राधान्यक्रम लावतो: आधी माणसांचा जीव, मग वस्ती व पायाभूत सुविधा आणि त्यानंतर निसर्गसंपदा. म्हणजे दूर रानात जळणाऱ्या एखाद्या वणव्याची मागणी सरळ अपूर्ण राहते. नकार कोणाला द्यायचा हे ठरवणे, हेच मला या केंद्राचे सर्वांत अवघड काम वाटते. गरज पडल्यास सैन्याच्या सी-१३० विमानांत अग्निरोधक द्रव फवारणारी यंत्रणा बसवली जाते आणि कॅनडा, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याकडूनही माणसे येतात.

अर्थात, समन्वय कितीही चोख असला तरी वाऱ्यापुढे तो हतबल ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला आग भडकली, त्या पहिल्या रात्री सोसाट्याच्या वाऱ्यामुळे विमाने जमिनीवरच ठेवावी लागली.

भारतापुरते सांगायचे तर डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना राज्यांना पाठवते. प्रत्यक्ष विझवण्याचे काम मात्र राज्यांच्या वनविभागांकडेच आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये वर उल्लेखिलेल्या अमेरिकी पद्धतीवर बेतलेली ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ मार्गदर्शक सूचनांच्या रूपाने आणली. परंतु खास वणव्यांसाठीची माणसे व विमाने राज्याराज्यांत फिरवणारे बॉइसीसारखे केंद्र आपल्याकडे नाही. एप्रिल २०२४ मध्ये नैनिताल परिसरात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने तलावातून पाणी उचलून आगीवर टाकले, ती मदत अशा कायमस्वरूपी साखळीतून आलेली नव्हती. राज्याच्या हाताबाहेर परिस्थिती गेल्यावर ती मागवण्यात आली होती.