जुन्या इंग्रजी पेपरातला 'इन्स्टंट' म्हणजे नेमकी कुठली तारीख?

प्रश्न असा आलाय की, लंडनच्या टाइम्सचा ७ नोव्हेंबर १८०५ चा अंक स्कॅनमध्ये वाचताना ट्रफल्गारच्या समुद्रातल्या लढाईच्या बातमीत 'मंडे द ट्वेन्टी फर्स्ट इन्स्टंट' असं लिहिलंय, तर इथे इन्स्टंट म्हणजे ताबडतोब का, आणि पेपर ७ तारखेचा असताना २१ तारीख आधीच कशी काय आली?

ताबडतोबशी इथे काही संबंध नाही. तारखेच्या मागे लागलेला इन्स्टंट म्हणजे 'चालू महिन्याची'. मूळ लॅटिन, आणि त्याचे दोन भाऊ आहेत, अल्टिमो म्हणजे गेल्या महिन्याची आणि प्रॉक्सिमो म्हणजे पुढच्या महिन्याची. छापताना बहुतेक वेळा नुसतं इन्स्ट., अल्ट., प्रॉक्स. एवढंच ठेवायचे, व्यापाऱ्यांच्या पत्रांत तर हे पानोपानी सापडतं. मोडी कागद वाचणाऱ्यांना ही गंमत लगेच कळेल, कारण आपल्याकडे साल मजकूर (चालू वर्ष), साल गुदस्त (गेलं वर्ष) आणि पेस्तर साल (पुढचं वर्ष) अगदी हेच काम करतात, फक्त तिथे हिशेब वर्षाचा आणि इंग्रजीत महिन्याचा.

आता खरा घोळ. चालू महिना कुणाचा, पेपरचा की लिहिणाऱ्याचा? लिहिणाऱ्याचा! टाइम्सने जे छापलं तो त्यांच्या बातमीदाराचा मजकूर नाहीच, ते ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल कॉलिंगवुडचं सरकारी पत्र आहे, ट्रफल्गारजवळ जहाजावर बसून २२ ऑक्टोबरला लिहिलेलं, त्यामुळे त्यातला २१ इन्स्टंट म्हणजे २१ ऑक्टोबर. ते पत्र घेऊन पिकल नावाचं छोटं जहाज निघालं, ४ नोव्हेंबरला त्याचा कप्तान लेफ्टनंट लापेनोतिएर इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरात उतरला, तिथून घोडे बदलत बदलत ५ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ६ तारखेला, लंडनला ॲडमिरल्टीत, म्हणजे नौदलाच्या मुख्य कचेरीत, पोचला, त्याच दिवशी ते सरकारी गॅझेटाच्या जादा अंकात छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी टाइम्समध्ये. या सगळ्या प्रवासात कुणी इन्स्टंट खोडून ऑक्टोबर लिहिलं नाही, पत्र जसंच्या तसं छापायची रीतच होती.

याच पत्राच्या पहिल्या वाक्यात 'लेट कॉन्फ्लिक्ट' आहे, तिथेही अडखळू नका, लेट म्हणजे नुकतीच झालेली लढाई.

तुमच्या उदाहरणात तारीख पेपरच्या पुढे गेली म्हणून शंका तरी आली, मला जास्त काळजी वाटते ती शंका येत नाही त्या ठिकाणांची. समजा मुंबईहून १० जानेवारीला कुणी पत्र लिहिलं, त्यात 'फोर्थ इन्स्टंट'ला अमुक जहाज बंदरात आलं, आणि ते लंडनच्या पेपरात २० फेब्रुवारीला छापलं. वाचणारा बिनधास्त ४ फेब्रुवारी टिपून घेतो, काहीच खटकत नाही, आणि अख्ख्या महिन्याची चूक. मग ती तारीख कुणाच्या वंशावळीत नाहीतर लेखात जाते आणि तिथून पुढचे सगळे तीच उचलतात. म्हणून इन्स्टंट दिसला की आधी वर जाऊन पत्राच्या डोक्यावरचं गाव आणि तारीख शोधायची, मगच महिना ठरवायचा. बातमी दुसऱ्या पेपरातून उचललेली असेल तर त्या पेपरची तारीख बघायची, तेव्हा सगळेच एकमेकांचं उचलायचे आणि बहुतेकदा वर पेपरचं नाव द्यायचे. १८७० मध्ये मुंबई समुद्रातल्या तारेने एडन-सुएझमार्गे जोडली गेल्यावर घटना आणि छपाईतलं अंतर फार कमी झालं, त्यामुळे हा घोळ जास्त करून त्याआधीच्या अंकांत भेटतो.

आणि डोक्यावर तारीखच नसेल तर? वार दिलाय का बघा. इथे मंडे आहे. १८०५ च्या ऑक्टोबरची २१ तारीख सोमवारी येते, नोव्हेंबरची २१ गुरुवारी. त्या वर्षाचं कॅलेंडर उघडलं की दोन मिनिटांत निकाल लागतो.