कथेतला 'मी' म्हणजे लेखकच का? निवेदनाचा दृष्टिकोन ओळखायचा कसा?

नाही, 'मी' हा लेखकाने उभा केलेला निवेदक असतो. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी घ्या. १८९० पासून ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. लिहिणारा पुरुष, पण गोष्ट सांगते नायिका यमू, स्वतःच्या तोंडाने. तिचे हाल कुणी बाहेरून बघून सांगितले असते तर वाचक नुसता हळहळला असता. इथे ती आपल्याशी बोलते, म्हणून मान फिरवता येत नाही.

'मी' असेल तर प्रथमपुरुषी, 'तो' किंवा 'ती' असेल तर तृतीयपुरुषी, हे लगेच कळतं. खरी मेख तृतीयपुरुषी निवेदनात आहे. बघा:

'सुमनने दार उघडलं. दारात भाऊ. पैसे मागायला आला असणार.'

'सुमनने दार उघडलं. पैशांचा विषय कसा काढावा, या विचारात भाऊ चपला काढत होता.'

पहिल्यात आपण सुमनच्या डोक्यात आहोत. 'असणार' हा तिचा अंदाज. दुसऱ्यात निवेदक भावाच्या मनात शिरला. असा तो कुणाच्याही मनात मोकळेपणाने शिरू लागला, की त्याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात.

वाचताना प्रत्येक वाक्यापाशी विचारा: हे कुणाला ठाऊक असू शकतं? लिहितानाही हाच प्रश्न कामी येतो. 'माझा चेहरा लाल झाला' असं 'मी' म्हणत असेल, तर तो पाहिला कुणी? 'माझे कान तापले' हे मात्र त्याला नक्की कळतं.