वाचकांचे प्रश्न: एका ओसी-३ मध्ये मोडेम किती?

प्रश्न: ‘ओसी-३ चा वेग ५६ के मोडेमच्या किती पट?’ असं उदाहरण वर्गात सोडवायला होतं. माझं उत्तर २७७७ आलं, मित्राचं २४३०, आणि सर १८९० म्हणतात. बरोबर कोण?
– इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचा विद्यार्थी, कराड

उत्तर: तिघांचंही गणित बरोबर आहे, मात्र प्रत्येकाने वेगळा प्रश्न सोडवला आहे. ओसी-३ हा ऑप्टिकल फायबरवरच्या लाइनचा एक ठरलेला दर्जा. त्याचा वेग १५५.५२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). त्याला ५६,००० ने भागलं की २७७७ येतात. मित्राने ६४,००० ने भागलं, म्हणून २४३० आले.

आता हे ६४,००० कुठून आले ते पाहा. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. ५६ के मोडेम त्या ८ पैकी ७ बिट वापरतो, म्हणून ५६,०००. ऑप्टिकल फायबरवरची चौकटही (फ्रेम) सेकंदाला ८००० वेळाच जाते. ती ९ ओळी आणि २७० स्तंभांची, म्हणजे २४३० बाइटची असते (एक बाइट म्हणजे ८ बिट). थोडक्यात, चौकटीतला एक बाइट म्हणजे एक ६४ के चॅनल. तांब्याची तार आणि फायबर या दोन्हींना जोडणारा आकडा ८००० हा आहे. तो एकदा लक्षात राहिला की तक्ते पाठ करायची गरज उरत नाही.

पण चौकटीतली सगळी जागा माहितीसाठी मोकळी नसते. पहिले ९ स्तंभ देखरेखीचे असतात आणि उरलेल्या २६१ पैकी आणखी एक मार्गाच्या नोंदींसाठी जातो. राहिले २६० स्तंभ, म्हणजे १४९.७६ एमबीपीएस. फाइल किती पट वेगाने उतरेल हे विचारलं असेल तर हा आकडा ५६,००० ने भागा. उत्तर सुमारे २६७४ येईल.

सरांचा प्रश्न वेगळा आहे: एका वेळी किती मोडेम बोलू शकतील? कॉल ‘ई-१’ नावाच्या गठ्ठ्यांनी भरले जातात. असे ६३ ई-१ एका चौकटीत बसतात. प्रत्येकात ३२ कप्पे असले तरी त्यातला एक ताळमेळासाठी आणि एक सिग्नलिंगसाठी असतो, म्हणून कॉल ३०. त्रेसष्ट गुणिले तीस, १८९०. मोडेम १४.४ के चा असो की ५६ के चा, एक्स्चेंजमध्ये तो पूर्ण ६४ के चा कप्पा अडवतो. त्यामुळे २७७७ मोडेम प्रत्यक्षात कधीच एकत्र बसणार नाहीत.

एक सूचना. ओसी ही अमेरिकी नावं आहेत, आपल्याकडे एसटीएम म्हणतात. ओसीच्या आकड्याला ३ ने भागा: ओसी-३ म्हणजे एसटीएम-१, ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४ (६२२.०८), ओसी-४८ म्हणजे एसटीएम-१६ (२४८८.३२). ओसीचा आकडा गुणिले ५१.८४ केलं की एमबीपीएस मिळतात, अगदी दशांशासह.

प्रश्न: फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी डाउनलोड ११.८ च्या वर जात नाही.
– वाचक, मिरज

उत्तर: डाउनलोडच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो. ८ ने गुणा: सुमारे ९४. नेमका हाच आकडा १०० एमबीपीएसच्या पोर्टवर मिळतो, कारण दर पाकिटात १५३८ बाइट जातात आणि त्यात तुमची माहिती १४६० बाइटच असते. म्हणजे मधे कुठेतरी जोडणी १०० वर अडकली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी नीट क्रिम्प झाली नसेल तर पोर्ट मुकाट्याने १०० वर उतरतो. आधी केबल बदला, मग राउटरचे पोर्ट तपासा.

प्रश्न: बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाचा जुना लॉगर आहे. ऑफिसातल्या मोडेमवरून फोन लावून त्याची ६०० केबीची झिप फाइल आणतो. ‘कनेक्ट ११५२००’ दिसतं, पण फाइलला तीन मिनिटं लागतात. लाइन फायबरवर नेली तर फरक पडेल का?
– वाचक, तासगाव

उत्तर: ११५२०० हा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा वेग आहे, लाइनचा नव्हे. बऱ्याच मोडेमना एटी-डब्ल्यू-२ ही आज्ञा दिली की खरा वेग दिसतो. तुमचा हिशोब करू: ६०० गुणिले १०२४ गुणिले ८ म्हणजे ४९,१५,२०० बिट. २८,८०० ने भागले तर १७१ सेकंद. तुमची तीन मिनिटं इथेच जुळतात. (फाइलसाठी किलो १०२४ चा, लाइनसाठी १००० चा. इथे गफलत फार होते.) झिप फाइल आधीच दाबलेली असल्याने मोडेमच्या कॉम्प्रेशनचा फायदा नाही.

दोन्ही टोकांना साधे मोडेम असताना ३३.६ के च्या वर जाता येत नाही. ५६ के साठी एक टोक थेट डिजिटल लागतं. तेव्हा २८.८ के हे वाईट नाही. त्याहून कमी येत असेल तर साधा फोन लावा, एक आकडा दाबून डायल टोन थांबवा आणि ऐका. खरखर आली तर डबीतले स्क्रू बघा; पावसाळ्यानंतर तांब्यावर हिरवट थर चढतो. तार सोलून टोक नव्याने आवळा.

लाइन फायबरवर नेण्याआधी मात्र थांबा. ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन संपते त्या डबीच्या) फोन पोर्टवर आवाज पाकिटांतून जातो. त्यात जी.७२९ हा कोडेक (आवाजाचे बिट करण्याची पद्धत) असेल तर आवाज ८ केबीपीएसमध्ये दाबला जातो आणि मोडेमचे सूर मोडतात. कंपनीकडून जी.७११ (पूर्ण ६४ के चा कोडेक) लावून घ्या, मोडेम ९६०० वर बांधा. तरीही हीच फाइल साडेआठ मिनिटं घेईल आणि मधेच तुटूही शकेल. इथरनेट पोर्टचा लॉगर घेणं हाच सरळ मार्ग. १० एमबीपीएसवर हेच काम अर्ध्या सेकंदाचं आहे. नवा लॉगर बसून रोजच्या नोंदी नीट येईपर्यंत जुनी तांब्याची लाइन बंद करू नका.