तृतीयपुरुषी कथेतलं ‘आपण’ नेमकं कोण?

विचारणा अशी आहे: ‘सुमतीने दार लोटलं. आत कोणीच नव्हतं. आपण उगीच आलो.’ कथा सगळी ‘ती’ची, म्हणजे तृतीयपुरुषी. मग तिसऱ्या वाक्यात निवेदन प्रथमपुरुषी झालं का? ही चूक धरायची का?

चूक नाही. माझ्या मते तर मराठी गद्याची ही मोठी सोय आहे. पुढे ‘तिने दार ओढून घेतलं’ असं वाक्य जोडून पाहा, कुठे खटका बसत नाही. आता ‘आपण उगीच आलो’ऐवजी ‘मी उगीच आले’ घाला. लगेच अवतरणचिन्हं हवीशी वाटतात, नाहीतर ही कोण नवीन बाई बोलायला लागली असं होतं. आणि ‘ती उगीच आली’ लिहिलं तर? मग सुमतीच्या मनातून आपण बाहेर पडतो. तिच्याबद्दल दुसरंच कोणी मत देतंय असं वाटतं.

‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातल्या ‘अप्पण’वरून आला. मुळात अर्थ ‘स्वतः’. ‘तुम्हीआम्ही मिळून’ आणि आदरार्थी ‘आपण’ हे त्यावर वाढलेले अर्थ. शाळेत शिकवतात की आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. इथे तर ते सुरुवातीलाच बसलंय! कारण त्याच्या आधीचं ‘तिला वाटलं’ लेखकाने गिळलंय आणि वाचक ते मनातल्या मनात पुरवतो. क्रियापदाची गंमत आणखी वेगळी. सुमती एकटीच आहे, बाई आहे, तरी ‘आले’ नाही, ‘आलो’. ‘आपण’ अनेकवचनी रूप घेतं आणि त्या रूपात लिंग उरतच नाही. सुमतीच्या जागी सदाशिव आला तरी हे वाक्य जसंच्या तसं राहील.

घोळ होतो तो ‘पुरुष’ या शब्दामुळे. व्याकरणातला पुरुष सर्वनामाचा आणि क्रियापदाचा, निवेदनातला पुरुष गोष्ट सांगणाऱ्याचा. शिवाय सांगणारा एक आणि पाहणारा दुसरा असू शकतो. ‘कोण बोलतं’ आणि ‘कोण पाहतं’ हे प्रश्न वेगळे ठेवा, असं फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये मांडलं. आपल्या उदाहरणात बोलतो निवेदक, पाहते सुमती, आणि हा सांधा एकट्या ‘आपण’ने जुळवलाय. मी-निवेदनातही ते चालतं: ‘मला वाटलं, आपण उगीच आलो.’ म्हणजे हे ‘आपण’ ना प्रथमपुरुषी कथेचं, ना तृतीयपुरुषी कथेचं. ज्याच्या डोक्यात विचार चाललाय, त्याचं.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथे तृतीयपुरुषी कथेत पात्राचा विचारसुद्धा बहुधा ‘ती’ आणि भूतकाळ वापरून सांगतात. म्हणून अनुवादात ‘ती उगीच आली होती. आता ती काय करणार होती?’ अशी वाक्यं दिसतात. व्याकरण बरोबर, पण कान लगेच ओळखतो की हे मूळ मराठी नाही. ‘उगीच आलो आपण. आता काय करायचं?’ एवढं पुरलं असतं.

एका ठिकाणी मात्र जपा. ‘मालती सुमतीला म्हणाली, आपण जाणार नाही.’ कोण जाणार नाही? एकटी मालती, की दोघी? दोघींत अहो-जाहो असेल तर कदाचित सुमतीच! मनातल्या विचारात समोर ऐकणारं कोणी नसतं, म्हणून तिथे ‘आपण’ स्वच्छ चालतं. संवादात समोर माणूस आला की तिन्ही अर्थ एकदम जागे होतात. तिथे सरळ ‘मी’, ‘आपण दोघी’ किंवा ‘तुम्ही’ लिहावं.