दारू प्यायलेल्या माणसाला मराठीत 'टल्ली' सोडून अजून काय काय म्हणतात?

टल्ली हिंदीवाले पण म्हणतात, त्यात खास आपलं असं काही नाही. मी स्वतः पीत नाही, पण मित्रांना घरी पोचवायचं काम कायम माझ्याच गळ्यात, त्यामुळे ह्या विषयातला शब्दसंग्रह बराच आहे.

पहिली गंमत म्हणजे मराठीत 'दारू' शब्द न काढता सगळं बोलता येतं. 'तो घेतो' एवढं म्हटलं की झालं, काय घेतो हे कोणी विचारत नाही. 'लावून आलाय', 'टाकून आलाय', 'मारून आलाय', सगळीकडे कर्म गायब! 'ढोसून आलाय' म्हटलं की मात्र बोलणारा वैतागलेला असतो, बहुतेक घरातलंच माणूस.

मग पायऱ्या. आधी 'किक बसते', मग 'चढते', मग 'टाइट'. टाइट माणूस बोलू शकतो, उलट जास्तच बोलतो, जुन्या भांडणाची आठवण काढतो आणि मिठी पण मारतो. 'तर्र' किंवा 'तर्राट' झाला की झोकांड्या सुरू, ह्यालाच 'विमान हवेत' पण म्हणतात. त्याच्या पुढे 'लास', आणि लास झालेला माणूस म्हणजे निव्वळ सामान, एकाने खांदे धरायचे दुसऱ्याने पाय. 'आउट' पण चालतं पण लासमध्ये जे वजन आहे ते त्यात नाही (उचलून बघा म्हणजे कळेल).

'बेवडा' आज पिणाऱ्याला म्हणतात पण मुळात ते दारूचंच नाव, दोनदा गाळलेली कडक दारू म्हणजे बेवडा. बाटलीतलं नाव माणसाला चिकटलं. 'तळीराम'चं उलटं, ते आधी माणसाचंच नाव, म्हणजे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधलं पात्र. नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं आणि पेपरवाले अजून ३१ डिसेंबर आला की 'तळीरामांवर कारवाई' छापतात, त्यातल्या किती तळीरामांना आपण गडकऱ्यांचे आहोत हे माहीत असेल कुणास ठाऊक. पोलिसांच्या भाषेत तोच माणूस 'मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत' सापडतो.

मला स्वतःला 'पावशेर' आवडतो. शेराची मापं बाजारातून कधीच गेली, पण कोणी येड्यासारखं बोलायला लागला की 'सकाळीच पावशेर मारून आलास का?' असं आपण विचारतोच, त्याने थेंबही घेतलेला नसला तरी. 'नवटाक' पण ऐकलं असेल, ते पावशेराच्या निम्मं. आणि 'चपटी' म्हणजे ती खिशात बसणारी १८० मिलीची बाटली, तिचा आकारच तसा.

दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत थोडी घेतात त्याला 'उतारा' म्हणतात. दृष्ट लागल्यावर ओवाळून टाकतात तो पण उताराच.

आता वापरायचं कसं, तर टल्ली, लास वगैरे बरोबरीच्या मित्रांसाठी. लग्नात काका डुलत असतील तर 'काका लास झालेत' म्हणायचं नाही, 'काकांना जरा जास्त झालीये' म्हणायचं, ते पण हळू आवाजात आणि काकू लांब असताना. बाकी काकांना विचाराल तर ते सांगतीलच, 'मला चढत नाही रे', आणि असं कोणी म्हणालं की मी गाडीची चावी मागून घेतो.