वाचकांचे प्रश्न : औषधोपचार आणि मायेची वागणूक

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीवर स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू आहे. काहीही विचारले तरी ताई 'मी ठीक आहे' एवढेच म्हणते आणि आम्ही सगळे तिला धीर धरायला सांगतो. रोग औषधांनीच बरा होणार असेल, तर आमच्या वागण्याने खरोखर काही फरक पडतो का?

उत्तर : मायेने बोलल्यामुळे गाठ विरघळत नाही, आणि तसे सांगणाऱ्यांवर कृपया विश्वास ठेवू नका, कारण ते मान्य केले, तर आजार बळावल्यावर त्याचा दोष रुग्णाच्या मनोबलावर किंवा घरच्यांच्या प्रेमावर येतो, आणि तो मोठा अन्याय आहे. तरीही आपल्या वागण्याने फरक पडतो, आणि तो थेट उपचारांमध्ये दिसतो. केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या काळात रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. त्या वेळी 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर मध्यरात्र असली तरी तातडीने रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो. मात्र आपला सर्वांना भार होतो आहे असे ज्या रुग्णाला वाटते, तो अंगातली कणकण कोणालाच सांगत नाही. तोंडातील फोडांचे आणि हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचेही तसेच होते; मुंग्या वाढत असल्या तर डॉक्टर औषधाची मात्रा कमी करू शकतात, पण ते त्यांना कळले तरच.

'धीर धर' हे शब्द प्रेमापोटीच येतात, परंतु ते ऐकल्यावर भीती वाटते हे सांगायला जागाच उरत नाही. त्याऐवजी रात्री झोप लागली का, गिळताना दुखते का, असे नेमके विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. ताई रडली तर रडू द्यावे. झोपूनही न जाणारा थकवा हा या उपचारांचा परिणाम असतो. त्याला आळस म्हणणे फार जिव्हारी लागते.

डॉक्टर आणि परिचारिकांनाही हेच लागू आहे, आणि वेळ नसल्याची सबब मला पटत नाही. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना डॉक्टर व रुग्ण यांच्या संवादाची चित्रफीत दाखवली होती. जिच्यात डॉक्टरांची आपुलकीची वाक्ये जेमतेम 40 सेकंद अधिक होती, ती पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता तुलनेने कमी आढळली.

पुढच्या तपासणीपूर्वी ताईशी बोलून तिच्या तक्रारी कागदावर लिहून घ्या, आणि डॉक्टरांसमोर आधी तिलाच बोलू द्या. आजाराविषयी किती माहिती हवी आहे, हेही तिलाच विचारा. काहींना प्रत्येक अहवाल समजून घ्यायचा असतो, तर काहींना पुढच्या आठवड्यापुरतेच ऐकायचे असते.